नवी झडप, जुना वैरी

मनुष्याचे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लक्ष वेळा आकुंचन पावते आणि प्रत्येक आकुंचनाबरोबर त्याच्या चारही झडपा आपापल्या क्रमाने उघडतात व मिटतात. रक्ताने पुढे जावे, मागे फिरू नये, एवढेच ह्या झडपांचे काम. परंतु ते काम जन्मापासून मरणापर्यंत एका क्षणाचीही रजा न घेता करावयाचे असते. त्यांपैकी जी झडप डाव्या कप्प्याच्या मुखाशी, महारोहिणीच्या उगमापाशी बसलेली असते तिला अर्धचंद्राकृती अशा तीन पाकळ्या असतात. उतारवयात ह्या पाकळ्यांवर चुन्याचे थर चढू लागतात, त्या ताठरतात, आणि शेवटी जेथून रक्ताचा लोंढा मोकळेपणाने वाहावयाचा तेथे एक अरुंद फट तेवढी उरते. मग जिना चढताना धाप लागते, छातीत कळ येते, एकाएकी घेरी येऊन मनुष्य कोसळतो. हा रोग एकदा उघडपणे जाणवू लागला म्हणजे झडप बदलल्यावाचून रोग्याचे आयुष्य फार काळ टिकत नाही.

ही झडप छाती न फाडता, जांघेतील रोहिणीतून एक नळी सरकवून बदलता येते ही गोष्ट एकविसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झाली. वैद्यकाच्या इतिहासातील हा एक मोठा विजय होय यात संशय नाही. तथापि ह्या विजयाच्या मागोमाग एक जुना वैरी नव्या झडपेवर येऊन बसला. हृदयाच्या आतल्या अस्तराला व झडपांना जंतूंनी ग्रासणे, ज्याला पाश्चात्त्य वैद्यक ‘एंडोकार्डायटिस’ म्हणते, तो हा रोग. त्याची कथा नव्या झडपेच्या कथेहून कितीतरी जुनी आहे आणि ती जाणल्यावाचून नव्या संकटाचे मर्म कळावयाचे नाही.

नेपोलियनचा वैद्य कॉर्व्हिसार याने १८०६ साली हृदयरोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. शवविच्छेदन करताना काही हृदयांच्या झडपांवर त्याला कोंबासारखी, चामखिळीसारखी वाढ आढळली होती. तिला त्याने वनस्पतीच्या वाढीचे नाव दिले आणि तेच नाव वैद्यकात कायम झाले. हे अंकुर कशाने उगवतात हे मात्र त्याला उमगले नव्हते. त्यांच्या रूपावरून उपदंशाशी त्यांचा संबंध असावा असा त्याचा तर्क होता. पुढे पॅरिसच्याच बुइयो याने हृदयाच्या आतल्या अस्तराला व त्याच्या दाहाला आज रूढ असलेली नावे दिली, आणि सांधे सुजविणारा ज्वर हृदयालाही सोडीत नाही हे १८३५ च्या सुमारास दाखवून दिले. लंडनच्या कर्क्स याने १८५२ साली आणखी एक कोडे उलगडले. झडपेवरील अंकुराचा एखादा कण सुटून रक्ताबरोबर वाहत जातो व मेंदूची किंवा मूत्रपिंडाची रोहिणी बंद करतो, म्हणून हृदयाच्या रोग्याला अकस्मात पक्षाघात होतो, असे त्याने प्रतिपादन केले.

कारण मात्र अद्याप अज्ञातच होते. नॉर्वेची राजधानी त्या वेळी क्रिस्तियानिया ह्या नावाने ओळखली जात असे. तेथील विंगे ह्या वैद्याला १८६९ साली अशाच एका अंकुरात सूक्ष्मदर्शकाखाली बारीक जीवांच्या साखळ्या दिसल्या. जंतुशास्त्र तेव्हा पाळण्यातच होते. त्यामुळे हे जीव रोगाचे कारण आहेत की रोगाने आलेले पाहुणे आहेत, ह्यावर वाद चालणे साहजिकच होते.

हा वाद मिटविणारे प्रयोग जर्मनीत झाले. रोझेनबाख याने १८७८ मध्ये आणि व्हिसोकोविच याने १८८५ च्या सुमारास सशांच्या मानेतील रोहिणीतून एक बारीक सळई आत घालून तिच्या टोकाने महारोहिणीच्या झडपेला किंचित इजा केली. व्हिसोकोविचला असे आढळून आले की, निरोगी झडपेच्या सशाच्या रक्तात जंतू सोडले तर ते बहुधा झडपेवर ठरत नाहीत, रक्ताच्या प्रवाहाबरोबर निघून जातात. परंतु झडपेला आधी ओरखडा पडलेला असला, आणि मग तेच जंतू रक्तात सोडले, तर ते त्या जखमेला चिकटून वाढू लागतात व हुबेहूब माणसातल्यासारखा रोग उत्पन्न होतो. म्हणजे ह्या रोगाला दोन गोष्टी लागतात: झडपेवर इजा झालेली जागा आणि रक्तात आलेला जंतू. एकट्याने कार्य होत नाही. हा सिद्धान्त नीट ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कारण पुढची सारी कथा ह्या दोन सूत्रांभोवतीच फिरते. रोहिणीतून झडपेपर्यंत सळई नेण्याची जी वाट त्या दिवशी रोग उत्पन्न करण्यासाठी वापरली गेली, तीच वाट सव्वाशे वर्षांनी रोग बरा करण्यासाठी वापरली जावयाची होती, हा योगायोगही विलक्षणच म्हटला पाहिजे.

त्याच १८८५ साली विल्यम ऑस्लर ह्या कॅनडात जन्मलेल्या वैद्याने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे ह्या रोगावर तीन व्याख्याने दिली. माँट्रियलच्या रुग्णालयात स्वतः केलेल्या शवविच्छेदनांचा मोठा संग्रह त्याच्यापाशी होता. कधी हिवतापासारखा, कधी विषमज्वरासारखा, कधी मेंदूच्या विकारासारखा भासून हा रोग वैद्याला कसा चकवितो हे त्याने विस्ताराने सांगितले. आणि ज्यांच्या झडपा आधीच विकृत झालेल्या असतात तेच बहुधा त्याला बळी पडतात हेही निदर्शनास आणले. प्रयोगशाळेतील सशाने आणि रुग्णालयातील माणसाने एकच साक्ष दिली.

निदान साधले, पण उपाय कोठे होता? विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या लिबमन याने रोग्याचे रक्त काढून त्यात जंतू वाढवून पाहण्याची पद्धत फार काळजीपूर्वक बसविली. १९११ च्या फेब्रुवारीत गुस्ताव माहलर हा थोर संगीतकार न्यूयॉर्कमध्ये तापाने आजारी पडला. त्याच्या झडपेत दोष असल्याचे १९०७ पासूनच ठाऊक होते. २१ फेब्रुवारीला अंगात ताप असतानाच त्याने कार्नेगी हॉलमधील आपल्या अखेरच्या वाद्यवृंदाचे संचालन केले. लिबमनच्या साहाय्यकाने त्याचे रक्त तपासले. त्यात स्ट्रेप्टोकोकस जातीचे जंतू निघाले. निदान अचूक होते आणि त्याचा अर्थ एकच होता. माहलरला आधी पॅरिसला व तेथून व्हिएन्नाला नेण्यात आले आणि १८ मे १९११ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, तो मृत्यू पावला. रोगाचे नाव, रोगाचे स्थान, रोगाचा जंतू, सारे कळले असूनही वैद्याने हात बांधून बसावे अशी ती अवस्था होती.

ती अवस्था पालटली ती पेनिसिलिनने. परंतु सहजासहजी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात हे औषध अत्यंत दुर्मिळ होते. अमेरिकेत प्रथम ज्या थोड्या रोग्यांवर ते वापरून पाहिले त्यांना गुण आला नाही, म्हणून ह्या रोगासाठी ते खर्चू नये असाच अधिकाऱ्यांचा कल होता. ब्रुकलिनच्या ज्यूइश हॉस्पिटलमधील लिओ लोवी याला मात्र औषध निकामी नसून मात्रा अपुरी आहे असे वाटत होते. त्याच शहरात फायझर कंपनीचा कारखाना होता. कंपनीचे एक प्रमुख जॉन स्मिथ यांच्याकडून त्याने औषध मिळविले, ते पूर्वीपेक्षा पुष्कळ मोठ्या प्रमाणात, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनच्या जोडीने, सतत ठिबकत ठेवले, आणि १९४४ साली सात रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सातही जणांना गुण आला होता. हेपॅरिनची जोड पुढे सोडून देण्यात आली. पण मोठी मात्रा आणि दीर्घ उपचार ही दोन तत्त्वे टिकली.

एवढा दीर्घ उपचार का लागावा? झडपेच्या पाकळ्यांना रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. तिच्यावरील अंकुर गोठलेल्या रक्ताच्या तंतूंचा बनलेला असतो आणि जंतू त्याच्या पोटात दडून बसतात. शरीराच्या रक्षक पेशी तेथवर पोचत नाहीत. शिवाय दाटीने राहणारे हे जंतू वाढीचा वेग मंदावून जणू निद्रिस्त होतात आणि निद्रिस्त जंतूवर औषधाचा मारा नीट लागू पडत नाही. म्हणून चार ते सहा आठवडे रोज औषध द्यावे लागते. ताप उतरला म्हणून औषध थांबवावे, तर वैरी पुन्हा डोके वर काढतो.

औषधाने जंतू मरतो, पण फाटलेली झडप सांधत नाही. म्हणून शस्त्रवैद्य पुढे सरसावले. अमेरिकेत हार्कन याने महारोहिणीच्या झडपेच्या जागी आणि ओरेगॉनमधील स्टार याने एडवर्ड्स ह्या अभियंत्याच्या साहाय्याने दुसऱ्या एका झडपेच्या जागी १९६० साली कृत्रिम झडपा यशस्वीपणे बसविल्या. १९६५ साली ड्यूक विद्यापीठातील वॉलेस व त्याच्या सहकाऱ्यांनी, जंतुदोष चालू असतानाच कुजलेली झडप काढून तेथे नवी बसविल्याचा वृत्तान्त दिला. आतापर्यंत ज्यांना मरणाखेरीज मार्ग नव्हता त्यांतील काहीजण वाचू लागले. परंतु व्हिसोकोविचचा नियम कोणाच्या यशाकडे पाहून थांबत नाही. कृत्रिम झडप हे जंतूला स्वतःच्या झडपेहूनही सोयीचे आसन ठरले. जिवंत अस्तर नाही, टाक्यांच्या वळ्या आहेत, कापडाची कड आहे. मग जंतूला आणखी काय पाहिजे?

उरलेली कथा नळीची. जर्मनीतील एबर्सवाल्डे येथील फोर्समान ह्या तरुण वैद्याने १९२९ साली स्वतःच्याच हाताच्या शिरेतून एक नळी हृदयापर्यंत सरकविली व तशाच स्थितीत क्ष-किरणाने छायाचित्र घेतले. ह्या कामाबद्दल त्याला १९५६ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. झुरिकमध्ये ग्रुंटसिग याने १९७७ साली नळीच्या टोकावरील फुग्याने हृदयाची अरुंद झालेली रोहिणी रुंद केली. फ्रान्समधील रुआँ येथील आलँ क्रिबिए याने १९८५ साली तोच फुगा महारोहिणीच्या आकसलेल्या झडपेत फुगवून पाहिला. रोग्याला तात्पुरता आराम पडे, परंतु थोड्याच महिन्यांत झडप पुन्हा आकसे.

डेन्मार्कच्या हेनिंग रूड आन्डर्सन याने १९८९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील एका परिषदेत धातूच्या जाळीदार नळीविषयी व्याख्यान ऐकले आणि अशा जाळीतच झडप शिवून ती मिटवून आत नेली तर, असा विचार त्याच्या मनात आला. दुकानातून आणलेली तार आणि खाटकाकडून आणलेले डुकराचे हृदय एवढ्या साहित्यावर त्याने पहिली झडप स्वतः तयार केली व १ मे १९८९ रोजी ती एका जिवंत डुकराच्या हृदयात बसविली. क्रिबिएने हीच कल्पना मनुष्यापर्यंत नेण्याचा ध्यास घेतला. तज्ज्ञांनी तिला वेडगळ ठरविले, कारखानदारांनी पाठ फिरविली. अखेर शवांवर व मेंढ्यांवर प्रयोग करीत तो दिवस उजाडला. १६ एप्रिल २००२ रोजी रुआँमध्ये ५७ वर्षांच्या एका मरणोन्मुख मनुष्याच्या हृदयात, गाईच्या हृदयावरणापासून केलेली तीन पाकळ्यांची झडप नळीवाटे बसविली गेली. शस्त्रवैद्यांनी त्याच्यावर शस्त्रक्रिया करण्यास नकार दिला होता. झडप बसताच त्याची स्थिती विस्मयकारकपणे सुधारली आणि झडपेने अखेरपर्यंत काम चोख केले. तथापि त्याच्या पायाचा रक्तपुरवठा आधीच बिघडलेला होता. पाय कापावा लागला, जखम भरेना, तीत जंतुदोष झाला, आणि सतरा आठवड्यांनी तो वारला. झडप जिंकली, रोगी हरला. पुढे काय वाढून ठेवले आहे ह्याची सूचनाच जणू पहिल्या रोग्याने देऊन ठेवली.

कल्पना मात्र खरी ठरली. शस्त्रक्रिया ज्यांना मुळीच झेपणार नाही अशा ३५८ रोग्यांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. एका वर्षात जुन्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी ५०.७ टक्के रोगी दगावले, तर नळीवाटे झडप बसविलेल्यांपैकी ३०.७ टक्के. २०१९ पर्यंत ज्यांना शस्त्रक्रियेचा धोका अल्प होता अशांतही ही पद्धत शस्त्रक्रियेच्या तोडीची ठरली, आणि जगभर लक्षावधी वृद्धांना तिचा लाभ झाला. क्रिबिए २०२४ च्या फेब्रुवारीत निवर्तला तेव्हा त्याची ‘वेडगळ’ कल्पना रुग्णालयातील नित्याचा व्यवहार झाली होती.

आता जुन्या वैऱ्याकडे वळावयाचे. नळीवाटे झडप बसविताना आजारी झडप काढून टाकीत नाहीत. फुगा फुगतो, जाळी उघडते, आणि चुन्याने भरलेल्या जुन्या पाकळ्या भिंतीशी दाबल्या जाऊन तेथेच राहतात. जाळी सगळीकडे सारखी बसली नाही तर तिच्या कडेने रक्त मागे गळते व त्या झोताने अस्तराला इजा होते. ‘इजा झालेली जागा’ ती ही. राहिला जंतू. रोगी वृद्ध, पुष्कळदा मधुमेही किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेला, वारंवार रुग्णालयात राहणारा, कधी मूत्रमार्गात नळी, कधी शिरेत सुई. जंतूला रक्तात शिरण्यास एवढी द्वारे पुरेशी आहेत.

ह्या रोगाचे पद्धतशीर मोजमाप २०१६ साली प्रसिद्ध झाले. अनेक देशांतील ४७ रुग्णालयांतून नळीवाटे झडप बसविलेल्या २०,००६ रोग्यांपैकी २५० जणांना एंडोकार्डायटिस झाल्याचे त्यात नोंदले होते. वर्षाला शंभरांत सुमारे एक, असे ते प्रमाण पडते. हे प्रमाण अल्प खरे, आणि २०१९ साली डेन्मार्कमधील राष्ट्रीय नोंदींवरून झालेल्या अभ्यासात छाती उघडून बसविलेल्या झडपेपेक्षा ते लक्षणीय जास्त आढळले नाही. परंतु ज्यांना तो रोग झाला त्यांची गत काय? त्या २५० पैकी ३६ टक्के रोगी रुग्णालयातच वारले आणि दोन वर्षांच्या आत सुमारे दोन तृतीयांश. पेनिसिलिन येऊन सत्तर वर्षे लोटल्यावरचे हे आकडे आहेत.

ह्याचे मूळ एका क्रूर पेचात आहे. झडप कुजली, हृदय थकले, औषधाने भागेना, म्हणजे शस्त्रक्रिया करून ती काढणे हाच उपाय उरतो. परंतु हा रोगी नळीच्या वाटेने नेला गेला तो बहुधा शस्त्रक्रिया झेपणार नाही म्हणूनच. जिला टाळण्यासाठी नवी वाट धरली, तीच शस्त्रक्रिया अधिक बिकट स्थितीत पुढे येऊन उभी राहते. त्या २५० रोग्यांत शस्त्रक्रिया झाली ती शंभरांत पंधरांच्या आसपास.

निदानाचाही घोटाळा आहे. जाळीच्या धातूची सावली पडून ध्वनिलहरींच्या चित्रात अंकुर झाकला जातो. कधी तो पाकळीवर नसून जाळीलाच चिकटलेला असतो. वार्धक्यात तापही बेताचाच येतो, आणि अशक्तपणा व अरुची ही वयाचीच लक्षणे समजली जातात. ऑस्लरने वर्णिलेला बहुरूपी रोग येथे आणखी एक सोंग घेतो. म्हणून औषधाचा पहिला डोस देण्यापूर्वीच रक्ताचे नमुने घेऊन जंतू वाढवून पाहणे, म्हणजे लिबमनचीच रीत, आजही निदानाचा पाया आहे. तापाचे कारण न शोधता घरच्या घरी चार दिवस जंतुनाशक गोळ्या घेतल्या तर तोच पुरावा नाहीसा होतो.

जंतूंची जातही बदलली. माहलरच्या काळी हा रोग मुख्यतः तरुणांचा व प्रौढांचा. सांधेज्वराने झडप बिघडलेली आणि जंतू बहुधा तोंडातून आलेला. भारतासारख्या देशांत सांधेज्वराचे हे हृदयरोग अद्याप संपलेले नाहीत. नळीवाटे बसविलेल्या झडपेवर मात्र जे जंतू अधिक सापडतात ते एंटेरोकोकस व स्टॅफिलोकोकस ऑरियस. पहिल्याचे घर आतडे, दुसऱ्याचे त्वचा व नाक. नळी जांघेतून आत जाते, आणि जांघेतील त्वचेवर आतड्यातले जंतू सहज वस्ती करतात. त्यातच झडप बसविण्यापूर्वी खबरदारी म्हणून जी सेफॅलोस्पोरिन जातीची औषधे सामान्यतः देतात, त्यांचा एंटेरोकोकसवर उपयोग होत नाही. ह्या खबरदारीचे औषध बदलावे काय, हा प्रश्न त्यामुळेच तज्ज्ञांपुढे आला.

तोंडाचे महत्त्व कमी झाले असे मात्र नव्हे. दात उपटल्यावर क्षणभर जंतू रक्तात येतात हे लंडनमध्ये ओकेल व एलियट यांनी १९३५ साली दाखविले होते. त्यावरून १९५५ पासून अमेरिकन हार्ट असोसिएशनने झडपेच्या रोग्यांना अशा वेळी आधी औषध देण्याची शिफारस केली. पुढे असे लक्षात आले की दात घासताना व अन्न चावतानाही जंतू रक्तात शिरतात आणि किडक्या हिरड्यांच्या मनुष्याच्या बाबतीत हे रोजच घडते. म्हणून २००७ साली ही शिफारस आवळून फार धोका असलेल्यांपुरती ठेवण्यात आली. कृत्रिम झडप असलेले त्यांत राहिले, आणि नळीवाटे बसविलेली झडपही त्यांतच गणली जाते. पण वर्षातून एकदा घेतलेल्या गोळीपेक्षा रोज स्वच्छ ठेवलेले तोंड अधिक मोलाचे, हा त्या साऱ्या वादाचा निष्कर्ष आहे.

कॉर्व्हिसारच्या चामखिळीपासून रुआँच्या झडपेपर्यंत दोनशे वर्षे झाली. त्या काळात रोगाने तरुणांचे घर सोडून वृद्धांचे धरले, बिघडलेली झडप सोडून बदललेली धरली; पण त्याचे दोन आधार तेच राहिले, इजा झालेली जागा आणि रक्तात शिरलेला जंतू. नवी झडप बसली म्हणजे पहिला आधार वैद्यालाही काढून घेता येत नाही. तो आयुष्यभर बरोबर राहतो. दुसरा मात्र पुष्कळ अंशी रोग्याच्या व त्याच्या घरच्या मंडळींच्या हाती आहे. हिरड्या निरोगी ठेवणे, पायाची जखम दुर्लक्षू न देणे, दंतवैद्यास झडपेची गोष्ट आधी सांगणे, आणि कारण न कळणारा ताप आला तर गोळीच्या आधी रक्त तपासून घेणे, ही कामे अगदी लहान दिसतात. ज्या घरात आजोबांनी वा आजींनी नव्या झडपेच्या बळावर पुन्हा जिना चढण्यास आरंभ केला आहे, तेथे त्यांचे ते चालणे टिकावे हे पुष्कळसे ह्याच लहान कामांवर अवलंबून आहे.